परदेशात लॅपटॉप बिघडला तर वॉरंटी चालते का?

दोन वर्षांच्या शिक्षणासाठी परदेशी जातोयस, लॅपटॉप मायदेशातच घेऊन निघावं की तिकडे पोचल्यावर घ्यावा, आणि नेलेला तिकडे बिघडला तर वॉरंटी चालते का, असं तू विचारलंस. ताई म्हणून विचारलंस म्हणून सविस्तर लिहिते. मी निघाले तेव्हा हा प्रश्न मला सुचलाच नव्हता, आणि त्याचं उत्तर मला प्रबंध जमा करायच्या तोंडावर कळलं.

माझा लॅपटॉप सातव्या महिन्यात गेला. आधी काही दिवस पडदा मधूनच लुकलुकायचा, मग एका सकाळी बटणाचा दिवा लागला आणि पडदा काळाच राहिला. वॉरंटी एक वर्षाची, पाच महिने शिल्लक. मी निर्धास्तपणे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला, सिरीयल नंबर सांगितला, आणि पलीकडून उत्तर आलं की हे मशीन आमच्या देशात नोंदलेलंच नाही. वॉरंटी खरी होती, पण जिथे मशीन विकलं गेलं तिथली. आधी देश बदलून घ्यायचा अर्ज करा म्हणाले. अर्जाला मूळ बिल हवं. बिल घरी कपाटात, थर्मल कागदावरचं, अक्षरं जवळजवळ उडालेली, आणि त्यावर नाव बाबांचं. बाबांनी दुकानात हेलपाटे घालून प्रत मिळवली, तर नाव जुळत नाही म्हणून अर्ज परत आला. मग बाबांनी लॅपटॉप मुलीला दिल्याचं सहीचं पत्र पाठवलं, तेव्हा कुठे तो मंजूर झाला. कागदांना अठरा दिवस लागले. मदरबोर्ड बदलून मशीन परत यायला चार.

म्हणून सांगते, वॉरंटीची खरी कामं निघण्याआधीची आहेत. बिघाड झाल्यावर हातात फारसं काही उरत नाही.

सगळ्यात आधी एक फरक समजून घे, कारण यात भलेभले गोंधळतात. कंपनीची वॉरंटी हे कंपनीने आपणहून दिलेलं वचन असतं. ते कुठल्या देशात चालेल, कुठल्या भागांना लागू होईल, हे कंपनीच ठरवते. त्याखेरीज बऱ्याच देशांत कायद्याने मिळणारा हक्क असतो आणि तो विकणाऱ्या दुकानाविरुद्ध असतो. युरोपीय संघात विक्रेता किमान २ वर्षं मालाच्या दोषाला जबाबदार असतो, आणि पहिल्या वर्षात दिसलेला दोष मुळातच होता असं धरलं जातं. नव्हता हे सिद्ध करणं विक्रेत्याकडे. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने सदोष वस्तू ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात, आणि पहिल्या ६ महिन्यांत दोष मूळचा नव्हता हे दुकानदाराने दाखवायचं असतं. ऑस्ट्रेलियात कायदा ठरावीक मुदत देत नाही, वस्तू वाजवी काळ टिकली पाहिजे असं म्हणतो. अमेरिकेत असा देशव्यापी किमान काळ नाही. तिथल्या १९७५ च्या वॉरंटी कायद्याचा भर कंपनीने अटी स्पष्ट लिहाव्यात यावर आहे. पण तू तिथल्या दुकानातून काही घेतलंच नसेल, तर यातलं तुझ्या उपयोगाचं जवळजवळ काहीच नाही. मायदेशातल्या दुकानावरचा हक्क मायदेशातच राहतो. तुझ्या बॅगेतून जाते ती फक्त कंपनीची वॉरंटी, तीही कंपनीने जाऊ दिली तर.

ते जाऊ देणं मॉडेलवर ठरतं, नुसत्या ब्रँडवर नाही. एकाच कंपनीच्या ऑफिससाठीच्या मालिकेला आंतरराष्ट्रीय सेवा असते आणि घरगुती मालिकेला नसते, हे नेहमीचं आहे. दुकानदार ‘जगात कुठेही चालेल’ असं तोंडी म्हणतो, त्यावर विसंबू नकोस. वॉरंटीपत्रात ‘विक्रीचा देश’, ‘आंतरराष्ट्रीय सेवा’ हे शब्द शोध. घरी येऊन दुरुस्ती करण्याची सोय पुष्कळदा देशाबाहेर गळून पडते आणि मशीन स्वतः नेऊन द्यायची किंवा कुरिअरने पाठवायची सेवा तेवढी उरते. पडझडीचं, पाणी सांडल्याचं जे जादा संरक्षण पैसे भरून घेतात, ते देशाबाहेर चालेल का, हे स्वतंत्रपणे लेखी विचार. मूळ वॉरंटी चालते म्हणून तेही चालेल असं नाही.

लॅपटॉप घेतलास की बिल स्वतःच्या नावावर कर, पासपोर्टवर आहे तसंच नाव. बिलावर सिरीयल नंबर छापून घे. नसेल छापत तर दुकानाच्या शिक्क्यानिशी हाताने लिहून घे. त्याच दिवशी बिलाचा, खोक्यावरच्या चिकटपट्टीचा आणि मशीनच्या पोटाखालच्या नंबराचा फोटो काढून स्वतःला मेल कर. मग कंपनीच्या संकेतस्थळावर नंबर टाकून वॉरंटीची तारीख बघ. ही तारीख बऱ्याचदा मशीन कंपनीतून निघाल्या दिवसापासून मोजलेली असते, तुझ्या बिलाच्या दिवसापासून नव्हे. बिल दाखवून ती दुरुस्त करून मिळते. हे घरी असताना एका मेलचं काम आहे. देशबदलाचा अर्ज करायची सोय असेल, डेलसारख्या काही कंपन्यांची ती ऑनलाइन असते, तर तिकडचा पत्ता मिळाल्यावर पहिल्याच आठवड्यात करून टाक, मशीन धडधाकट असतानाच.

आणि निघायच्या निदान महिनाभर आधी लॅपटॉप हातात असू दे. त्या महिन्यात त्याला राबव. सगळी पोर्टं वापर, कॅमेरा, माइक, बिजागरी बघ, तासन्‌तास चालवून तापतो का बघ. मुळातला दोष असेल तर तो बऱ्याचदा सुरुवातीलाच डोकं वर काढतो, आणि तेव्हा दुकान चालत जाण्याच्या अंतरावर असतं.

आता डेटाबद्दल. हे मी सगळ्यात काकुळतीने सांगते. दुरुस्तीला गेलेलं मशीन पुसून परत येऊ शकतं, आणि तशी परवानगी तू फॉर्मवर सही करताना दिलेली असते. हल्लीच्या पुष्कळ विंडोज लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते. तिची किल्ली मदरबोर्डावरच्या चिपशी बांधलेली. मदरबोर्ड बदलला की चालू होताना मशीन ४८ अंकी ‘रिकव्हरी की’, म्हणजे ते कुलूप उघडायचा क्रमांक, मागतं. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवलेली असते खरी, पण त्या खात्यात शिरायला कोड येतो तो तुझ्या मायदेशातल्या सिमवर, आणि ते सिम एव्हाना बंद पडलेलं असतं. माझ्याबरोबरच्या एका मुलीचं नेमकं हेच झालं. दुरुस्त मशीन समोर, आणि आत जायला वाट नाही. तो क्रमांक लॅपटॉप घेतलास की लगेच कागदावर उतरवून घे, एक प्रत घरी ठेव, आणि खात्याला कोड मिळवायचा दुसरा मार्ग जोडून ठेव. मॅकबुक घेणार असशील तर त्यात साठवणच बोर्डावर पक्की बसवलेली असते, बोर्ड गेला की डेटाही गेला. कुठलंही घे, बॅकअप दोन जागी हवा, एक वेगळ्या डिस्कवर आणि एक ऑनलाइन.

बिघाड झालाच तर फोन उचलण्याआधी पुरावा गोळा कर. मधूनमधून येणारा दोष सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर हमखास लपून बसतो आणि मशीन ‘दोष आढळला नाही’ अशा शेऱ्यानिशी परत येतं. पडदा लुकलुकला की मोबाइलवर व्हिडिओ घे, किती वेळाने, काय चालू असताना, हे लिहून ठेव. बहुतेक लॅपटॉपांत स्वतःची तपासणी करायची सोय असते; डेलमध्ये चालू करताना एफ१२, एचपीमध्ये एफ२ दाबलं की ती मिळते. तिथे बिघाडाचा कोड आला तर त्याचा फोटो काढ. हा कोड फोनवर सांगितलास की विंडोज पुन्हा टाका, केबल काढून घाला, अशी अर्ध्या तासाची प्रश्नावली बरीच आटपते. बोलणं शक्यतो चॅटवर किंवा मेलवर कर. परक्या भाषेत, परक्या उच्चारात फोनवर ठरलेलं नंतर सिद्ध करता येत नाही. लिहिलेलं तुला दाखवता येतं, आणि सावकाश वाचून उत्तरही देता येतं. प्रत्येक वेळी तक्रार क्रमांक घे.

मशीन देताना सगळ्या बाजूंनी फोटो काढ, कोपरे आणि पडदा खास. परत आल्यावर चरा दिसला तर हे फोटोच बोलतात. आत पाणी गेल्याचं ओळखायला पांढऱ्या ठिपक्यांची चिकटपट्टी असते, ती ओली झाली की लाल होते, आणि ती लाल दिसली की फुकट दुरुस्तीचा विषय बहुधा संपतो. तेव्हा चहा सांडला असेल तर तो लपवू नकोस. चार्जरही सोबत मागितलाय का ते विचार, नसेल तर पाठवू नकोस. परत मिळाल्यावर काय बदललं याचा कागद मागून घे, कारण बदललेल्या भागाला वेगळी छोटी हमी असू शकते.

कीबोर्ड बदलायची वेळ आली तर आधी विचार कुठला बसवणार. जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेडच्या जागा उलट असतात, फ्रेंचवर पहिली ओळच ए-झेडने सुरू होते, आणि युरोपातल्या पुष्कळ कीबोर्डांवर एंटरचा आकारही निराळा. तुझ्या मॉडेलचा अमेरिकी मांडणीचा भाग तिथे साठ्यात नसेल, तर एक तर वाट बघावी लागते किंवा नव्या मांडणीची सवय करावी लागते.

बॅटरी फुगली, टचपॅड वर आला, तर मशीन लगेच बंद कर, चार्जिंगला लावू नकोस. अशी खराब लिथियम बॅटरी विमानाने नेता येत नाही, पाठवताही येत नाही. म्हणजे ‘सुट्टीत घरी नेऊन दुरुस्त करू’ हा मार्ग त्या दिवसापासून बंद. तशीही, चांगल्या स्थितीतलं मशीन कुरिअरने मायदेशी पाठवून दुरुस्त करवणं मला पटत नाही. जाताना-येताना दोन्हीकडे सीमाशुल्काचे कागद लागतात, दुरुस्तीसाठी जातंय आणि परत येणार आहे हे आधी नोंदवलं नाही तर परतीच्या वेळी स्वतःच्याच वस्तूवर कर भरायची वेळ येऊ शकते.

तर घ्यायचा कुठे? तुला हवं ते मॉडेल आंतरराष्ट्रीय वॉरंटीत येतं असं लेखी मिळालं आणि हातात महिनाभर असेल, तर मायदेशात घे. कीबोर्ड सवयीचा मिळतो आणि पहिल्या दिवसापासून काम सुरू होतं. लेखी मिळत नसेल, तर घरातला जुना लॅपटॉप चालता करून ने, पहिले काही आठवडे त्यावर काढ, आणि नवा तिथे घे, म्हणजे दुकानावरचा कायदेशीर हक्क तुझ्या बाजूने राहील. फक्त शिक्षण संपवून परतायचं पक्कं असेल तर हाच देशबदलाचा प्रश्न उलट्या दिशेने येईल, तो तेव्हा कंपनीला आधीच विचार. मी आज निघत असते तर, इतका महत्त्वाचा अभ्यास त्यावर असताना, जुनं मशीन नव्याच्या जोडीला नेलंच असतं. त्या बावीस दिवसांत मी ग्रंथालयाच्या संगणकावर रांग लावून प्रबंध लिहिला आहे.

घेणार असशील त्या मॉडेलचा पूर्ण नंबर, नुसतं नाव नको, आणि त्याच्या वॉरंटीपत्रातलं देशाबद्दलचं कलम मला पाठव. वाचून सांगते.