वन्यप्राणी नेण्यासाठी पहिली वाहतूक-पेटी करताय? मग हे आधी बघा

हरणासारख्या प्राण्यासाठीच्या पेटीचं तुम्ही पाठवलेलं रेखाचित्र पाहिलं, मेहनत दिसतेय. पण त्यातले हायड्रॉलिक, सेन्सर, कॅमेरे तूर्तास बाजूला ठेवा. आधी साधी पेटी नीट जमू द्या.

सगळ्यात जास्त डोकं लावायचं ते आतल्या बाजूला. बोल्टची टोकं बाहेर, आतून सगळं गुळगुळीत. स्वतः हात फिरवून बघा. जिथे बोट अडकतं तिथे नख, शिंग, दात अडकणारच. घाबरलेलं हरीण उजेडाच्या फटीकडे झेप घेतं, म्हणून भिंती भरीव आणि हवेची भोकं लहान ठेवा. अंधारात ते बरंच शांत राहतं. तळ मात्र घसरडा नको. पाय सटकला की प्राणी बिथरतो आणि तुमची सगळी मजबुती वाया जाते.

नवशिक्यांकडून हमखास होणाऱ्या चुका:

- पेटी ऐसपैस करणं. जागा मिळाली की हरीण आत गर्रकन वळायला जातं आणि अर्ध्यात अडकून जखमी होतं.
- दाराला एकच कडी. दोन हव्यातच, त्याही प्राण्याच्या आवाक्याबाहेर.
- सरकत्या दाराचा खणखणाट. खाली रबराची पट्टी लावा.

रंगावर लोक उगाच वाद घालतात. चाटला तरी विषबाधा होणार नाही असा कुठलाही चालेल.

दाबपिंजऱ्याची, म्हणजे भिंत सरकवून प्राण्याला जखडून धरणाऱ्या पिंजऱ्याची, घाई नको. झटापटीत जखडलेल्या प्राण्याचे स्नायू खराब होऊन तो काही दिवसांनीही दगावू शकतो. याला कॅप्चर मायोपॅथी म्हणतात. ते काम पशुवैद्य सोबत असतानाच.

प्राणी आधीच तुमच्या देखरेखीखाली असेल, तर पेटी त्याच्या आवारात दार उघडं बांधून ठेवा, आत खाणं ठेवा आणि त्याला आपणहून ये-जा करू द्या.