मिशनला जरूर जा, पण घर विकून नको

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो: तुम्ही मूळचे नाशिकचे, १९९२पासून अमेरिकेतल्या युटा राज्यात, पत्नी इथल्याच. तुमचं वय ६४, त्यांचं ६२. दोघंही येशू ख्रिस्ताच्या लॅटर-डे सेंट्स चर्चचे, म्हणजे लोक ज्याला मॉर्मन चर्च म्हणतात त्याचे सदस्य. येत्या मार्चमध्ये नोकरी सोडून ज्येष्ठ मिशनरी जोडपं म्हणून १८ महिने परदेशी सेवेला जायचं तुमच्या मनात आहे. त्यासाठी सँडी शहरातलं घर विकायचं, सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन, लगेच सुरू करायची आणि मुलाकडून दरमहा ५०० डॉलर घ्यायचे, असा बेत आहे. नाशिकचे थोरले भाऊ मात्र फोनवर म्हणाले, "उतारवयात पदरमोड करून कसली चाकरी करताय?"

पदरमोड आहे, हे भावांचं म्हणणं खरंच आहे. अमेरिकेतून जाणाऱ्या तरुण मिशनऱ्याचं कुटुंब जुलै २०२०पासून महिन्याला ठरावीक ५०० डॉलर भरतं, मग मुलगा टोकियोला जावो की अक्राला. ज्येष्ठ जोडप्यांना ही सोय नाही. जिथे पाठवलं जाईल तिथला खर्च त्यांनी स्वतः उचलायचा. एक दिलासा २०११मध्ये मिळाला: राहण्याच्या जागेच्या खर्चाला मर्यादा आली आणि तिच्यावरची रक्कम चर्च भरू लागलं. तेव्हा ती मर्यादा महिना १,४०० डॉलर होती. आजची मर्यादा बिशपांकडून, म्हणजे तुमच्या स्थानिक मंडळीच्या प्रमुखांकडून, लेखी घ्या.

फिलिपिन्समधल्या सेबूहून परतलेल्या तुमच्या वॉर्डातल्या, म्हणजे स्थानिक मंडळीतल्या, जोडप्याने महिना २,८०० डॉलरचा आकडा दिला, तो मला थोडा कमी वाटतो. हिशोबात त्यांनी भाडं, वीज, बाजार, औषधं, विमा सगळं धरलंय. राहिलं ते त्यांच्या रोजच्या दिवसात आहे. ज्येष्ठ जोडप्यांना तरुणांसारखं दारोदार फिरावं लागत नाही. सकाळी मिशनच्या कार्यालयात व्हिसाची कागदपत्रं आणि पावत्या, दुपारी तरुण मिशनऱ्यांच्या खोल्या तपासायच्या, कुणी तापाने फणफणलं तर त्याला दवाखान्यात न्यायचं, रविवारी छोट्याशा शाखेत मदत करायची. घरापासून हजारो मैल दूर असलेली अठरा-एकोणीस वर्षांची पोरं या जोडप्यांच्या स्वयंपाकघरात आई-आजी शोधत येतात. दारात आलेल्या पोराला उपाशी परत पाठवणं तुम्हाला जमणार नाही, तुमच्या पत्नीला तर नाहीच. माझ्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येक जोडप्याचा अंदाज इथेच चुकला आणि त्याचं वाईट कुणालाच वाटलं नाही. म्हणून मी ३०० डॉलर वाढवतो. महिना ३,१००, म्हणजे १८ महिन्यांचे ५५,८००.

आता घर. तुमच्या अंदाजाने त्याची किंमत ५,८०,००० आहे. विक्रीचा दलाली वगैरे खर्च सहा टक्के धरला तर ३४,८०० डॉलर तिथेच गेले. म्हणजे मिशनचे अकरा महिने निव्वळ घर विकण्याच्या खर्चात संपले! शिवाय तुमचं ९६,००० चं उरलेलं कर्ज तीन टक्क्यांचं आहे. परतल्यावर नवं घर घ्याल तेव्हा हा दर मिळेल असं समजू नका. सेवेहून परतलेल्या माणसाने पासष्टी ओलांडून भाड्याची जागा शोधत फिरावं, हे मला पटत नाही.

घर भाड्याने द्या. तुम्ही म्हणता तसं २,४०० भाडं आलं तर देखरेख करणाऱ्या संस्थेचे दहा टक्के आणि कर-विम्यासकटचा १,४५० चा हप्ता जाऊन ७१० उरतात. दुरुस्तीला आणि रिकाम्या महिन्यांसाठी ३०० बाजूला काढले की ४१०. चर्चला द्यायचा मिळकतीचा दहावा भाग, म्हणजे दशांश, तुम्ही त्यातूनही काढाल, हे मला ठाऊक आहे. रक्कम छोटी आहे, पण घर राखलं जातं. पुढे विकायचं झालंच, तर विक्रीआधीच्या पाच वर्षांपैकी दोन वर्षं तिथे राहिलेल्या जोडप्याला ५,००,००० डॉलरपर्यंतच्या नफ्यावर सूट मिळते आणि १८ महिन्यांच्या भाड्याने ती जात नाही. भाड्याच्या काळात घेतलेल्या घसाऱ्यावर तेवढा कर लागेल. घर नुसतं कुलूप लावून ठेवू नका. युटात राहत्या घराला मालमत्ता करात ४५ टक्के सूट असते. कायम राहणारा भाडेकरू असला तर ती टिकते, रिकाम्या घरावर जाऊ शकते. अनेक विमा पॉलिसीही रिकाम्या घराचं नुकसान भरून देत नाहीत.

सोशल सिक्युरिटीला आत्ता हात लावू नका. ६७ व्या वर्षी तुम्हाला महिना २,६०० मिळणार आहेत. ६४ ला सुरू केलंत तर २० टक्के कापून २,०८०. मिशनहून परतल्यावर, साडेपासष्टीला सुरू केलंत तर २,३४०. आत्ता सुरू केलं तर १८ महिन्यांत मिळणारे ३७,४४० डॉलर महिन्याच्या वाढीव २६० डॉलरने भरून निघायला साधारण बारा वर्षं लागतील, म्हणजे तुम्ही साडेसत्याहत्तर वर्षांचे व्हाल. पण हा निर्णय एकट्या तुमच्या आयुष्याचा नाही. तुमच्या पश्चात पत्नीला दोघांपैकी मोठी रक्कम मिळते आणि त्या तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहेत. हे २६० डॉलर त्यांच्यासाठी राखायचे आहेत.

मग पैसे कुठून? तुमच्या ४०१(के) मधून, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती-बचत खात्यातून. तिथे ६,२०,००० आहेत आणि वय साडेएकोणसाठच्या पुढे असल्याने दंड नाही. भाडं वजा करता साधारण ४९,००० काढावे लागतील. पहिल्या वर्षी तीन महिन्यांचा पगार असेल, तेव्हा कमी काढा, दुसऱ्या वर्षी जास्त. जोडप्याची प्रमाणित वजावट २०२५साठी ३१,५०० डॉलर आहे. तिच्या आत राहिलात तर त्या रकमेवर केंद्राचा आयकर लागत नाही. इतकी कमी मिळकत असलेली वर्षं पुन्हा क्वचितच येतील.

बँकेतल्या ३८,००० ना मात्र बोट लावायचं नाही. प्रकृतीमुळे सातव्या महिन्यात परत यावं लागलं, तर तुमच्या घरात भाडेकरू असेल आणि तुम्हाला राहायला जागा लागेल. सगळं सुरळीत झालं तरी परतल्यावर पत्नी जेमतेम चौसष्टीच्या असतील. मेडिकेअर, म्हणजे पासष्टीला मिळणारा सरकारी आरोग्य विमा, सुरू होईपर्यंत त्यांचा आरोग्य विमा हा तुमचा सर्वांत जड खर्च होणार आहे आणि तो तुमच्या कागदावर कुठेच नाही. परदेशातून राहायला परतल्यावर तो विमा घ्यायला साठ दिवस मिळतात, ते चुकवू नका.

तुमची पासष्टी तिकडेच उजाडेल. मेडिकेअर परदेशात जवळजवळ चालत नाही, म्हणून तिथे चर्चच्या ज्येष्ठांसाठीच्या आरोग्य योजनेचाच आधार. एरवी मेडिकेअरचा पार्ट-बी, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, उशिरा घेतला तर दर पूर्ण वर्षामागे हप्त्यात दहा टक्क्यांचा कायमचा दंड बसतो. पण करमुक्त धर्मादाय संस्थेमार्फत किमान १२ महिने परदेशी स्वयंसेवा केली आणि त्या काळात आरोग्य विमा असला, तर परतल्यावर दंडाशिवाय नाव नोंदवायला सहा महिने मिळतात. सेवेच्या तारखांचं आणि विम्याचं पत्र तिथून निघण्याआधीच घ्या.

मुलाचे ५०० नाकारू नका, पण त्यांना देणगी समजून करसवलत मिळेल अशी आशा त्याने धरू नये. याच चर्चच्या एका कुटुंबाने मिशनवरच्या मुलांना थेट पाठवलेल्या पैशांची वजावट मागितली होती आणि १९९०मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. तुमचा स्वतःचा सेवेचा खर्च वेगळा, त्याच्या पावत्या जपा. मुलाला म्हणावं, ते ५०० घराच्या खात्यात टाक, गिझर बिघडला तर लागतील.

भारतातच बोलावणं यावं, असं तुम्ही शेवटी हळूच लिहिलंय. वाचून बरं वाटलं. इच्छा कळवता येते, ठिकाण मात्र चर्च ठरवतं. आणि तुमच्याकडे ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीयांना मिळणारं, कार्ड असलं तरी भारतात मिशनरी कामाला सरकारची विशेष परवानगी लागते. नुसत्या कार्डावर विसंबून तिकिटं काढू नका.

फॉर्म भरण्याआधी मुलाच्या नावे मुखत्यारपत्र करून घ्या. भाडेकरार आधी बारा महिन्यांचा, पुढे महिन्या-महिन्याने वाढणारा करा, आणि तुम्ही उतरण्याच्या चार आठवडे आधी घर मोकळं होईल असं बघा. सोशल सिक्युरिटीचं ताजं विवरण मला पाठवा. पत्नीच्या नावावर किती वर्षांची नोंद आहे ते पाहिल्याशिवाय त्यांनी कधी सुरू करावं हे मी सांगणार नाही.