रानरेड्याच्या शिकारीला .३७५ मध्ये गोळी कुठली घ्यावी, सॉफ्ट की सॉलिड?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही मूळचे फोंड्याचे, सध्या मोझांबिकमध्ये बेइरा बंदरात नोकरीला. तिथल्या सहकाऱ्यांनी झांबेझीच्या मुखाकडे, मारोमेऊच्या बाजूला, रीतसर परवाना काढून रानरेड्याची शिकार ठरवली आहे. तुम्हाला .३७५ एच अँड एच रायफल मिळणार आहे (हा आकडा गोळीच्या जाडीचा, इंचात), पण दुकानात त्याच मापाच्या सात-आठ तऱ्हेच्या पेट्या बघून गोंधळ उडाला. एक जण सॉफ्ट सांगतो, दुसरा सॉलिड, तिसरा म्हणतो काहीही घ्या, जुन्या काळी लोकांनी ७ मिलिमीटरच्या रायफलीने हत्ती पाडले.

मी सत्तरीतला, वाळपईजवळचा. त्याच मुलखात एका कॅम्पवर मी अकरा मोसम काढले. इकडे पाऊस लागला की तिकडे सुका मोसम, त्यामुळे अकरा वर्षं मी गोव्यातली चवथ पाहिली नाही. मी शिकारी नव्हे. माझ्याकडे कोठार होतं, रायफलींची साफसफाई होती आणि जनावर सोलायच्या शेडचा हिशेब होता. सोलणाऱ्यांना मांसात गोळी सापडली की ते ती माझ्याकडे आणून देत. मी ती धुवायचो, बंदुकीची दारू मोजायच्या तराजूवर वजन करायचो आणि वहीत लिहायचो: कुठल्या पेटीतली, किती अंतरावरून, कुठे लागली, कुठे थांबली. मला या विषयातलं जे कळतं ते त्या शेडमधून आलेलं आहे.

पुढे जायच्या आधी एक गोष्ट. हे सगळं मोझांबिकपुरतं आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि गवा तर आपल्या गोव्याचा राज्यप्राणी. आमच्या गावच्या काजूच्या भाटात पहाटे गवे उतरतात, ते पाहण्यासाठी मी आजही लवकर उठतो. माझं उत्तर वाचून कुणी म्हादईच्या रानात बंदूक घेऊन शिरलं, तर मला ते सहन होणार नाही.

आता गोळीकडे. आपण बोलताना अख्ख्या काडतुसालाच गोळी म्हणतो. काडतुसात पितळी नळकांडं, त्यात दारू, बुडाला टोपी आणि तोंडाला बसवलेली गोळी. रेड्यापर्यंत पोचते ती फक्त ही शेवटची. .३७५ मध्ये ती नेहमीची ३०० ग्रेनची असते, म्हणजे जेमतेम साडेएकोणीस ग्रॅम. नळीतून निघताना तिचा वेग सेकंदाला साधारण ७५० मीटर. समोर सातशे किलोच्या आसपासचं जनावर, जाड कातडं, वर चिखलाचा थर, आणि छातीच्या पिंजऱ्यात रुंद, एकमेकींवर चढलेल्या फासळ्या. एवढ्याशा गोळीला हे सगळं ओलांडून काळजापर्यंत किंवा दोन्ही फुप्फुसांतून जायचं आहे.

सॉफ्ट म्हणजे जिच्या नाकाशी शिसं उघडं असतं किंवा पोकळी असते अशी गोळी. मांसात शिरताच ती फुलते, छत्री उघडावी तशी, आणि रुंद जखम करते. जनावर लवकर पडतं. पण जितकी ती फुलते तितकी तिची वाट आखूड होते. सॉलिड फुलत नाही. ती सरळ, खोल जाते, हाड आलं तरी जाते, पण मागे राहणारी जखम अरुंद. (फुलणाऱ्या गोळीला लोक डमडम म्हणतात, ते नाव कोलकात्याजवळच्या दारूगोळ्याच्या कारखान्याचं. १८९० च्या दशकात तिथे तसल्या .३०३ गोळ्या बनल्या आणि १८९९ मध्ये हेगला युद्धात त्या वापरण्यावर बंदीचा करार झाला. शिकारीत मात्र चांगली फुलणारी गोळी जनावराचे हाल कमी करते.)

पण सॉफ्ट-सॉलिडच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. गोळी एकसंध राहते का? पेटीवर .३७५ आणि ३०० ग्रेन लिहिलं की सगळ्या सारख्या, असं समजू नका. काही सॉफ्ट गोळ्या दूरच्या हरणासाठी केलेल्या असतात. दोनशे मीटरवर वेग उतरल्यावर त्या नीट फुलाव्यात म्हणून तांब्याचं कवच पातळ ठेवलेलं असतं आणि आतलं शिसं कवचाला नुसतं दाबून बसवलेलं असतं. तीच गोळी चाळीस पावलांवरून, पूर्ण वेगात, रेड्याच्या खांद्याच्या हाडावर आपटली की काय होतं ते मी तळहातावर घेऊन पाहिलं आहे.

माझ्या पाचव्या मोसमात एक पाहुणा स्वतःची काडतुसं घेऊन आला. कॅम्पवाल्यांनी पेटी बघितली, ग्रेन बघितले आणि ठीक आहे म्हटलं. मीही ती कोठारात नोंदवून घेतली. उघडून विचारायला हवं होतं ते विचारलं नाही. पहिला बार खांद्यावर बसला. नेम अचूक होता. रेडा गुडघ्यावर आला, उठला आणि उंच गवतात शिरला. दोन तास थांबून माणसं मागावर गेली. माग काढणारा सगळ्यांच्या पुढे असतो, नजर जमिनीवर, हातात फार तर काठी. रेडा वळसा घेऊन स्वतःच्याच वाटेच्या बाजूला उभा होता. त्याने आमच्या माणसाला उचललं आणि मांडी मोडली. मागच्या दोन रायफलींनी रेडा पाडला म्हणून जीव वाचला, पण नंतर तो कायम लंगडतच चालला. माग काढणं संपलं, कॅम्पच्या स्वयंपाकघरात लाकडं फोडायला बसला. चाळिशीही झाली नव्हती त्याची.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये तो खांदा आम्ही बोटभर-बोटभर करून कापला. गोळीचं कवच सापडलं: केळीच्या सालीसारखं चार पाकळ्यांत मागे सोललेलं, आतून रिकामं, वजन ९६ ग्रेन. शिसं सांध्याभोवती चुऱ्यासारखं पसरलं होतं, बोट फिरवलं की करड्या रेघा उठत. फुप्फुसाला ओरखडासुद्धा नव्हता. रेड्याने रात्रभर जरी वाट पाहायला लावली असती, तरी तो त्या जखमेने मेला नसता.

ही अडचण नवी नाही. अमेरिकेत जॉन नॉस्लर नावाचे गृहस्थ १९४६ मध्ये कॅनडात मूस या प्रचंड सांबरासारख्या जनावराच्या शिकारीला गेले होते. जनावराच्या अंगावर चिखल वाळलेला, रायफल वेगवान, आणि गोळ्या वरच्यावरच फुटू लागल्या. परत येऊन त्यांनी गोळीच्या मधोमध तांब्याची आडवी भिंत ठेवली. पुढचा भाग फुलतो, झिजतो, पण भिंतीमागचा अर्धा तसाच पुढे जातो. पार्टिशन म्हणतात ती हीच. मारोमेऊचे रेडे पाणथळीतले, कायम चिखलात लोळणारे, म्हणून मला ही हकीकत नेहमी आठवते.

आता स्पष्ट सांगतो. पहिल्या बारासाठी तीन जातींपैकी एक घ्या. एक, शिसं कवचाला वितळवून घट्ट जोडलेली, ज्याला बॉन्डेड म्हणतात. दोन, मधे भिंत असलेली आणि पुढचं शिसंही जोडलेलं, स्विफ्ट ए-फ्रेम या घडणीची. तीन, शिसं मुळीच नसलेली, अख्खी तांब्याची, बार्न्सने रूढ केलेली. माझ्या वहीत ए-फ्रेमच्या ३०० ग्रेनच्या गोळ्या बहुतेक वेळा २८० च्या वरच भरल्या आहेत, खांद्याचं हाड फोडूनसुद्धा. तांब्याच्या गोळ्यांचं वजन तर जवळजवळ घटतच नाही. क्वचित नाकाची पोकळी बुजली आणि फुललीच नाही तर ती सॉलिडसारखी वागते, म्हणजे निदान आत तरी पोचते.

माझी स्वतःची निवड तांब्याची. कारण शेडच्या बाहेर उभी असणारी माणसं. मारलेल्या रेड्याचं मांस आजूबाजूच्या गावांत वाटलं जायचं. बायका पाट्या घेऊन सकाळपासून बसलेल्या असत. फुटलेल्या गोळीचं शिसं डोळ्यांना दिसतं त्याहून कितीतरी लांबपर्यंत मांसात उडतं, आणि ते मांस लहान मुलं खातात. तांब्याची गोळी मोठी महाग आहे, पण तुम्ही अख्ख्या शिकारीवर करणार असलेल्या खर्चात एका पेटीचा फरक तो काय!

सॉलिड कशाला मग? पहिल्या बारानंतर रेडा पाठ फिरवून पळतो. तेव्हा समोर येतो तो मागचा भाग आणि ओल्या गवताने गच्च भरलेलं पोट. फुलणारी गोळी त्या गवताच्या लगद्यात अडकून बसते. सॉलिड त्यातून पार छातीपर्यंत जाते. म्हणून कॅम्पवरची पद्धत अशी की नळीत एक सॉफ्ट आणि खाली मॅगझिनमध्ये, म्हणजे पुढची काडतुसं भरून ठेवायच्या कप्प्यात, सगळ्या सॉलिड. ती पद्धत मला पटते.

पण पहिल्याच बाराला सॉलिड नको. मारोमेऊच्या गवताळ सपाटीवर रेड्यांचे कळप शेकड्यांनी असतात. यादवी युद्धात हे कळप जवळजवळ संपले होते, आता पुन्हा भरले आहेत. सॉलिड एका रेड्यातून आरपार जाऊन मागच्या गाभण म्हशीला लागू शकते, आणि ते तुम्हाला कळतही नाही. सॉफ्ट असली तरी मागे दुसरं जनावर नसेल तेव्हाच बार काढा. यासाठी अर्धा दिवस चिखलात पोटावर पडून राहावं लागलं तरी राहा.

सॉलिड घेताना अख्ख्या पितळेची, चपट्या नाकाची घ्या. जुन्या गोल नाकाच्या गोळ्या मांसात कधीकधी वाट सोडून वळतात. चपटं नाक सरळ जातं. फक्त ते मॅगझिनमधून वर येताना नळीच्या तोंडाशी अडकतं का ते आधी तपासा, सावकाश आणि झपाट्यानेही. आणि कुणी जुनी इंग्रजी दुनळी हाती दिली तर तिच्यात ही एकसंध पितळेची गोळी घालू नका, पातळ नळ्यांवर ताण येतो.

७ मिलिमीटरवाल्या मित्राचं म्हणणं अर्धं खरं आहे. बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने हजाराच्या वर हत्ती मारले, त्यातले पुष्कळसे .२७५ रिग्बीने, म्हणजे ७ मिलिमीटरच्याच रायफलीने. पण गोळी सॉलिड, लांब, १७३ ग्रेनची, आणि हत्तीचा मेंदू कवटीत नेमका कुठे असतो हे त्याने कवट्या कापून पाहिलेलं. लांब, जड, न मोडणारी गोळी बारीक असली तरी खोल जाते, एवढंच त्यातून घ्यायचं. आज बहुतेक आफ्रिकी देशांत रेड्याला .३७५ हेच कमीतकमी माप धरतात. त्याहून मोठ्या .४५८ च्या मोहात मात्र पडू नका. तिचा धक्का सोसत नाही, माणूस घोडा ओढताना डोळे मिटतो आणि गोळी पोटात जाते. .३७५ तुम्हाला झेपेल.

निघण्याआधी निदान चाळीस काडतुसं झाडून बघा, त्यातली बरीचशी उभ्याने, तीन काठ्यांच्या टेकूवरून. सॉफ्ट आणि सॉलिड दोन्ही ५० मीटरवर एकाच जागी बसतात का ते पाहा. एकाच वजनाच्या असूनही दोन बोटांचा फरक पडलेला मी पाहिला आहे. तसं झालं तर पेटी बदला, नेमात हिशेब करत बसू नका. काडतुसं गाडीच्या टपावर उन्हात ठेवू नका, तापली की दाब वाढतो आणि रिकामं नळकांडं नळीत चिकटून बसू शकतं, नेमकं दुसऱ्या बाराच्या वेळी. चामड्याच्या पट्ट्यात महिनोन् महिने खोचूनही ठेवू नका; आपल्याकडच्यासारख्या दमट हवेत पितळेवर हिरवा जंगाल चढतो. आणि परत गोव्याला येताना बॅगेचा एकूण एक खिसा उलटा करून झटका. विसरलेलं एक काडतूस मोपाला किंवा दाबोळीला तपासणीत निघालं, तर थेट पोलीस केस होते.

रायफल कॅम्पचीच असेल तर काडतुसंही बहुधा त्यांचीच मिळतील. मग आधीच कळवून विचारा की गोळी कुठल्या घडणीची आहे. "३०० ग्रेन सॉफ्ट" एवढंच उत्तर आलं तर पुन्हा विचारा. तिथे पोचल्यावर सोलायच्या शेडमध्ये जा आणि सोलणाऱ्यांना विचारा, अलीकडे आतून काय निघतंय. त्यांच्याकडे कुठल्यातरी डब्यात सापडलेल्या गोळ्या साठवलेल्या असतातच. माझा डबा बिस्किटांचा होता, निळ्या झाकणाचा, तो मी तिथेच सोडून आलो. त्यातली ती ९६ ग्रेनची साल मी नव्या पाहुण्याच्या हातावर ठेवायचो आणि मग त्याची पेटी उघडायला सांगायचो.