देव नसेल तर खोटे का बोलू नये?

प्रश्न : आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये खेळताना माझ्या तेरा वर्षांच्या नातवाकडून एका स्कूटरचा आरसा फुटला. त्याने वॉचमनकाकांचे नाव पुढे केले आणि सोसायटीच्या सभासदांनी त्यांना चारचौघांत बोल लावले. मला संशय आला, म्हणून मी नातवाला देवघरातल्या समईसमोर शपथ घ्यायला सांगितले. त्याने खरे सांगितले, पण मग विचारले, ‘‘आजी, देव नसलाच, तर खोटं बोलण्यात वाईट काय?’’ मला उत्तर सुचले नाही. आमच्या घरात तीन पिढ्यांची वारी आहे. माझा मुलगा मात्र निरीश्वरवादी असून नीतीला माणुसकीचा पाया पुरेसा आहे, असे म्हणतो. हा पाया खरोखर टिकाऊ आहे का?
— एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : आपल्या नातवाचा प्रश्न फार जुना आहे, आणि आपण त्याला दटावून गप्प बसवले नाही, हे मला मोलाचे वाटते. सुमारे २४०० वर्षांपूर्वी प्लेटोने लिहिलेल्या एका संवादात सॉक्रेटिस विचारतो, की देवांना आवडते म्हणून एखादे कृत्य पवित्र ठरते, की ते पवित्र असते म्हणून देवांना आवडते? पहिले मानले, तर देवाने उद्या क्रौर्याची आज्ञा केल्यास क्रौर्यही पुण्य ठरेल. दुसरे मानले, तर चांगुलपणाची कसोटी आज्ञेच्या बाहेर आहे, हे कबूल करावे लागते. चांगुलपणा हा ईश्वराचा स्वभावच असल्यामुळे त्याची आज्ञा लहरी असूच शकत नाही, असे श्रद्धावान विचारवंतांचे उत्तर आहे, आणि ते मी हलके मानत नाही. मात्र त्यानंतरही कोणती आज्ञा खरोखर ईश्वराची आणि कोणती त्याच्या नावाने माणसाने दिलेली, हे ओळखण्याचे काम आपल्या विवेकाकडेच राहते.

हे काम किती अवघड असते, ते पुण्याने १८९१ मध्ये अनुभवले आहे. कलकत्त्यात फुलमणी दासी ही कोवळी मुलगी पतीच्या बळजबरीमुळे मरण पावली, त्यानंतर संमतिवयाचे विधेयक पुढे आले आणि विवाहितेच्या बाबतीतही शरीरसंबंधाच्या संमतीची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेण्याचे ठरले. प्रथम ऋतुदर्शनानंतर गर्भाधान, म्हणजे पतीशी पहिल्या शरीरसंबंधाचा संस्कार, झालाच पाहिजे, अशी शास्त्राज्ञा असल्याचे सांगून अनेकांनी त्याला विरोध केला. लोकमान्य टिळकांचा आक्षेप मुख्यतः परकीय सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, असा होता. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धर्मशास्त्राचेच आधार काढून हा कायदा शास्त्राविरुद्ध नाही, असे दाखवले. गोपाळ गणेश आगरकरांना त्या आधारांची गरज वाटली नाही. मुलीच्या देहाची आणि आयुष्याची होणारी हानी त्यांना पुरेशी होती. भांडारकरांविषयी मला नितांत आदर आहे, कारण ज्यांना शास्त्राचीच भाषा पटत होती, त्यांच्याशी ते त्या भाषेत बोलले. तरीही एक प्रश्न मला सोडत नाही. त्यांना अनुकूल वचन सापडलेच नसते, तर त्या मुलींच्या वेदना कमी ठरल्या असत्या का? या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागते, आणि म्हणून नीतीचा आधार ग्रंथाआधी माणसाच्या सुखदुःखात शोधावा, या आपल्या मुलाच्या मताशी मी सहमत आहे.

पण आपण टिकाऊपणाविषयी विचारले आहे, आणि तेथे मानवतावाद्यांनीही प्रामाणिक असले पाहिजे. प्रत्येक माणसाची प्रतिष्ठा सारखी आहे, हे विधान कोणत्याही प्रयोगशाळेत सिद्ध झालेले नाही. तेही अखेर एक मूल्य म्हणून स्वीकारावे लागते. शिवाय योग्य काय, हे कळणे वेगळे आणि ते पाळण्याचे बळ मिळणे वेगळे. असे बळ श्रद्धेने कितीतरी जणांना दिले आहे. विठ्ठल रामजी शिंदे ऑक्सफर्डला जाऊन धर्माचाच अभ्यास करून आले आणि १९०६ मध्ये त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध काम करणारी निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन केली. त्यांची ईश्वरनिष्ठा आणि त्यांचे हे काम वेगळे काढता येत नाही. दुसरीकडे, परलोकातील फळाची कोणतीही आशा नसताना आगरकरांनी जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा याच शहरात निघालेली सोसली आणि आपले म्हणणे सोडले नाही. दोघांचे जीवन पाहिल्यावर केवळ श्रद्धाच माणसाला टिकवते किंवा केवळ विवेकच टिकवतो, असे मला म्हणवत नाही. वारीसारखी सामूहिक सवय माणसाला इतरांची काळजी घ्यायला वर्षानुवर्षे शिकवते, आणि तशी सवय उभी करण्यात निरीश्वरवादी मंडळी अजून मागे आहेत, असे माझे मत आहे.

आपल्या घरात तुकोबांचे ‘पुण्य पर उपकार, पाप ते परपीडा’ हे वचन नक्कीच म्हटले जात असेल. तुकोबा विठ्ठलाचे निस्सीम भक्त होते, त्यांना निरीश्वरवादाच्या बाजूला ओढणे खोटेपणाचे होईल. पण या चरणात पापाची ओळख शिक्षेवरून नव्हे, दुसऱ्याला झालेल्या पीडेवरून पटवलेली आहे, आणि ती आपल्याला व आपल्या मुलाला सारखीच मान्य होण्याजोगी आहे. नातवाला हेच सांगावे. देव असो वा नसो, त्याच्या खोट्यामुळे एका निर्दोष माणसाला चारचौघांत खाली मान घालावी लागली, आणि ज्याची नोकरी सभासदांच्या मर्जीवर आहे, त्याला उलट बोलण्याची सोयही नव्हती.

समई रोजच्याप्रमाणे लावत राहावे. फक्त खरे वदवून घेण्यासाठी तिचा उपयोग पुन्हा करू नये, कारण तशाने दिव्याची भीती वाटते आणि वॉचमनकाका मात्र विसरले जातात. नातवाला त्यांच्याकडे न्यावे आणि माफी बंद दाराआड न मागता, ज्या सभासदांसमोर त्यांना बोल लागले, त्यांच्यासमोरच मागायला लावावी. त्या वेळी आपण आणि आपला मुलगा, दोघेही त्याच्या शेजारी उभे राहावे.