फ्रेंच ड्रायव्हर जॉनी सेर्व्हो-गाव्हँ याने 1970 मध्ये, वयाच्या 28व्या वर्षीच फॉर्म्युला वन का सोडलं?

डोळ्याच्या दुखापतीमुळे. 1970 च्या हंगामाआधीच्या हिवाळ्यात, रस्ता सोडून रानवाटांवर गाडी चालवताना झाडाची फांदी त्याच्या डोळ्याला लागली आणि नजरेवर परिणाम झाला. त्या मे महिन्यात मोनॅकोला तो पात्रता फेरीतच बाहेर पडला आणि लगेच थांबला. टिरेल संघात त्याची जागा फ्रान्स्वा सेव्हेरला मिळाली.

शर्यती मोजून 12, गुण 9. पण एवढ्यावरून त्याला किरकोळ समजू नका. 1968 मध्ये मात्रा या फ्रेंच गाडीचा ड्रायव्हर जॅकी स्टुअर्ट याचं मनगट दुखावलं म्हणून मोनॅकोला त्याला बसवलं, तर पठ्ठ्या दुसऱ्या क्रमांकावरून सुटून थेट आघाडीवर! तीन फेऱ्या तो पुढे होता; मग कठड्याला गाडी घासली, ड्राइव्हशाफ्ट (चाकांपर्यंत ताकद पोहोचवणारा दांडा) तुटला आणि सगळं संपलं. त्याच वर्षी इटलीतल्या मॉन्झाला तो दुसरा आला. 1969 मध्ये त्याने युरोपियन फॉर्म्युला टूचं (फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीचं) विजेतेपद जिंकलं आणि कॅनडात चारही चाकांना ताकद देणाऱ्या मात्रा गाडीतून सहावा आला; सहाव्या क्रमांकाला तेव्हा एक गुण मिळे. अशा गाडीने जागतिक स्पर्धेत मिळवलेला तो आजवरचा एकमेव गुण आहे, आणि मला तरी त्याची हीच कामगिरी सर्वांत मोलाची वाटते.

हे आकडे त्या वर्षांच्या शर्यतींच्या निकालांतले आहेत. फक्त एक लक्षात घ्या: डोळा हे मुख्य कारण असलं, तरी ड्रायव्हर दरवर्षी ट्रॅकवर जीव गमावत होते असा तो काळ होता, त्यामुळे तेच एकमेव कारण होतं असं मी म्हणणार नाही.