आमच्या मनातला स्नेप असा नव्हता

मागच्या अंकात मी सहज म्हटलं होतं की पुस्तकावरून झालेल्या सिनेमांबद्दल काय वाटतं ते कळवा, तर पत्रांचा ढीगच पडला आणि जवळजवळ सगळी पत्रं कास्टिंगवर. कथा कापली, शेवट बदलला याची फार कोणाला खंत नाही, खंत आहे ती "हा तो नाहीच" याची. त्यातली सहा इथे घेतेय.

ताई, आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर कित्येक दिवस एकच भांडण चालू आहे, हॅरी पॉटरच्या नव्या एचबीओ सिरीजमधला स्नेप, म्हणजे हॅरीचा तो खडूस मास्तर. तो करणारा पापा एसिडू कृष्णवर्णीय आहे. तो चांगला नट असेल, पण पुस्तकात स्नेप फिकट, पिवळट चेहऱ्याचा आहे, मग बदलायचं कशाला? मी एवढंच बोललो तर मला डायरेक्ट वर्णद्वेषी ठरवून मोकळे झाले. मी आहे का तसा?
*कॉलेजचा विद्यार्थी, सातारा*

अरे, पुस्तकातलं वर्णन आठवून प्रश्न विचारला म्हणून कोणी वर्णद्वेषी होत नाही. पण एक कर, स्वतःला विचार की तुला नेमकं काय हुकल्यासारखं वाटतंय, पुस्तकातला स्नेप की जुन्या सिनेमांत स्नेप केलेला ॲलन रिकमन? कारण माझं स्वतःचं असं झालं की एप्रिल 2025 मध्ये ही नावं जाहीर झाली तेव्हा मला पहिल्यांदा जे टोचलं ते "हा रिकमन नाही" हे होतं, पुस्तक नंतर आठवलं. आणि रिकमन तरी पुस्तकातला कुठे होता? हिशोब कर. हॅरीचे आईबाप गेले तेव्हा जेमतेम 21 वर्षांचे होते, स्नेप त्यांच्याच वर्गातला, म्हणजे हॅरी शाळेत येतो तेव्हा स्नेप 31 चा. रिकमन पहिल्या सिनेमाच्या शूटिंगला 54 वर्षांचे होते! ही 23 वर्षं आपण सगळ्यांनी निमूटपणे गिळली कारण तो आवाज आणि ते थांबून थांबून बोलणं आपल्याला आवडलं. पण त्यात एक गोष्ट गेली आणि तिचं मला अजून वाईट वाटतं, ती म्हणजे ही सगळी माणसं किती कोवळी होती, स्नेपचा सगळा कडवटपणा हा कॉलेजवयातल्या चुकीचा कडवटपणा आहे, केस पिकलेल्या माणसाचा नाही. एसिडू 1990 चा जन्मलेला, म्हणजे वयाच्या बाबतीत तो पुस्तकाच्या जास्त जवळ आहे.

आता तुझ्या बाजूचा एक मुद्दा मला खरंच वजनदार वाटतो आणि तो बऱ्याच फॅन लोकांनी मांडलाय. पुस्तकात हॅरीचा बाप आणि त्याचे मित्र स्नेपला सगळ्यांसमोर उलटा टांगतात तो प्रसंग आहे बघ. तिथे स्नेप कृष्णवर्णीय आणि त्रास देणारी पोरं गोरी असं झालं तर त्या प्रसंगाचा अर्थच बदलतो, हॅरीच्या बापाकडे आपण बघतो ती नजर बदलते, आणि लिहिणाऱ्यांनी याचा विचार केला नसेल तर कथा तिथे लंगडी पडेल. ग्रुपवर "पुस्तकात फिकट लिहिलंय" एवढंच टाकण्यापेक्षा हे टाक, मग बोलणं निदान कथेवर येईल.

माझी लेक 11 वर्षांची आहे, पर्सी जॅक्सनची पाचही पुस्तकं तिने दोनदा वाचलीत. सिरीज लावली तर पहिल्याच भागात हिरमुसली, म्हणे पर्सीच्या मैत्रिणीचे, ॲनाबेथचे, केस सोनेरी पाहिजेत. मी म्हटलं असू दे गं, काय फरक पडतो, तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. काय सांगू तिला?
*एक आई, नागपूर*

पहिलं म्हणजे "काय फरक पडतो" म्हणू नका, तिला फरक पडतोय. मुलं पुस्तक वाचतात तेव्हा चेहरा ती स्वतः बनवतात आणि दोनदा वाचलं म्हणजे तो चेहरा तिच्या ओळखीतला झालाय, सख्ख्या मैत्रिणीसारखा. मी लहानपणी गोष्टीतल्या प्रत्येक कडक बाईला आमच्या गणिताच्या बाईंचा चेहरा लावायचे आणि पुढे पडद्यावर दुसरंच कोणी दिसलं की फसवल्यासारखं वाटायचं. तेव्हा तिचं म्हणणं आधी नीट ऐकून घ्या, मग तिच्याबरोबर बसून एक खेळ खेळा: पुस्तकातली कुठली गोष्ट बदलली तर कथा अडेल आणि कुठली बदलली तरी कथा चालत राहील?

उदाहरण मी देते. 2010 मध्ये याच पुस्तकावर सिनेमा आला होता, त्यात पर्सी झालेला लोगन लर्मन शूटिंगच्या वेळी 17 वर्षांचा होता, पुस्तकात पर्सी 12 चा. दिसायला छान होता, कोणाला खटकलाही नसता, पण पाचही पुस्तकं ज्या भविष्यवाणीवर उभी आहेत ती मूल 16 वर्षांचं होण्याबद्दल आहे, म्हणजे पहिल्याच भागात पर्सीला सोळा-सतरा वर्षांचा केलात की पुढच्या चार पुस्तकांचा पायाच काढून घेतलात. रिक रायर्डन या लेखकाने निर्मात्यांना शूटिंगच्या आधीच पत्रं लिहून सांगितलं होतं की वय वाढवू नका, आणि पुढे ती पत्रं त्याने स्वतःच सगळ्यांसमोर ठेवली. ऐकलं नाही कोणी. आता ॲनाबेथचं बघा, ती हुशार आहे, तिला इमारती बांधायचं वेड आहे, आईकडून शाबासकी मिळावी म्हणून ती जिवाचा आटापिटा करते, आणि लोक तिला दिसण्यावरून कमी लेखतात याचा तिला राग आहे. यातलं केस बदलल्याने काय गेलं? मला तरी काही गेलेलं दिसत नाही.

आणि लेकीला हेही सांगा, ती या वयाची आहे म्हणून मुद्दाम सांगा, की ॲनाबेथ झालेली कृष्णवर्णीय लिया जेफ्रीस मे 2022 मध्ये नाव जाहीर झालं तेव्हा 12 वर्षांची होती. तुमच्या लेकीहून एका वर्षाने मोठी. त्या पोरीला मोठमोठ्या माणसांनी इतकं वाईटसाईट लिहिलं की रायर्डनला जाहीरपणे पुढे येऊन म्हणावं लागलं की हीच माझी ॲनाबेथ आहे आणि राग काढायचा तर माझ्यावर काढा. मला या प्रकाराची मनापासून चीड येते. मोठ्या नटावर टीका करा, निर्मात्यावर करा, बारा वर्षांच्या पोरीने ऑडिशन देऊन काम मिळवलं यात तिचा काय गुन्हा?

हॅरी पॉटरच्या सिनेमात हॅरीचे डोळे हिरवे का नाहीत? इतकी साधी गोष्ट जमली नाही?
*जुना वाचक, नाशिक*

लेन्स लावून बघितल्या होत्या, पण डॅनियल रॅडक्लिफच्या डोळ्यांना त्या सहन होईनात, लहान मूल होतं ते, आणि शूटिंग महिनोन् महिने चालणार होतं. मग निर्मात्याने लेखिका रोलिंगबाईंना फोन करून विचारलं की हिरवे असणं कितपत गरजेचं आहे, तर त्यांचं म्हणणं असं की रंग कुठलाही चालेल पण त्याचे डोळे त्याच्या आईसारखे दिसले पाहिजेत. मी वरच्या पत्रात म्हणतेय ते हेच! कथा अडते ती आईच्या डोळ्यांशी, हिरव्या रंगाशी नाही. पण गंमत नाही, दुःख आहे बघा, 2011 च्या शेवटच्या सिनेमात हॅरीची आई लिली लहानपणीची दाखवली तिचे डोळे तपकिरी आणि हॅरीचे निळे, आणि त्याच्याच आगेमागे संवाद काय तर "तुझे डोळे तुझ्या आईसारखे आहेत". दहा वर्षं जी एकच गोष्ट सांभाळायची होती ती नेमकी तिथे सुटली. या तक्रारीत मी तुमच्या शंभर टक्के बाजूने आहे.

लेखक हयात असेल तर पात्र कोणी करायचं हे लेखकालाच ठरवू द्यावं, बाकीच्यांनी गप्प बसावं, असं मला वाटतं. तुमचं मत?
*निवृत्त ग्रंथपाल, चिपळूण*

सर, निम्मं पटतं. उर्सुला ले ग्विन यांची अर्थसी या काल्पनिक द्वीपसमूहावरची पुस्तकं तुम्ही ग्रंथालयात हाताळली असतील. पहिलं 1968 चं. त्यातला नायक गेड तांबूस-तपकिरी कातडीचा, त्याचा मित्र वेच काळा, त्या द्वीपसमूहातली बहुतेक माणसं सावळी आणि गोरे लोक म्हणजे पूर्वेकडच्या बेटांवरचे परके. हे बाईंनी समजून उमजून लिहिलं होतं, कारण तोवर जादूच्या कथांमधला हीरो म्हणजे गोराच असं सगळे धरून चालत. 2004 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत त्यावर टीव्ही मालिका आली आणि गेड झाला गोरा शॉन ॲशमोर. बाईंनी लेख लिहून सरळ सांगितलं की माझं अर्थसी तुम्ही पांढरं करून टाकलंत आणि मला विचारलंही नाहीत. इथे रंग म्हणजे वरवरचं वर्णन नव्हतं, तो पुस्तकाचा मुद्दा होता, त्यामुळे लेखिकेचं ऐकायलाच पाहिजे होतं. एसिडूला विरोध करणारे कधीकधी म्हणतात की गोऱ्याचा काळा चालतो तर काळ्याचा गोरा का नाही, त्यांनी हे एक उदाहरण नीट बघावं, फरक कळेल.

पण लेखकाचंही चुकतं बरं का. ॲन राइस यांच्या 1976 च्या व्हॅम्पायरच्या कादंबरीवर सिनेमा होणार आणि त्यातला लेस्टाट हा व्हॅम्पायर करणार टॉम क्रूझ हे कळल्यावर बाई इतक्या भडकल्या की मुलाखतींमधून उघडउघड बोलल्या, हा माझा लेस्टाट नाहीच. वाचकही त्यांच्या मागे उभे राहिले. मग 1994 मध्ये सिनेमा तयार झाला, बाईंनी तो पाहिला आणि स्वतः जाहिरात छापून सांगितलं की क्रूझने कमाल केलीय. एवढ्या मोठ्या लेखिकेने आपलं म्हणणं छापून मागे घेणं, मला त्या सिनेमापेक्षा हे जास्त लक्षात राहिलंय. तेव्हा लेखकाला विचारावं जरूर, पुस्तक कशावर उभं आहे हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असतं, पण समोरच्या नटात काय दडलंय हे त्यालाही आधी दिसत नाही.

मी जळगावची पाटील. चौथ्या हॅरी पॉटरमध्ये पाटील बहिणींना ते असले कपडे का दिले हो? लहानपणी किती वाट बघितली होती मी.
*एक पाटील*

अगं मीसुद्धा! पद्मा आणि पार्वती पाटील, म्हणजे आडनाव आपलं, नावं आपली, आणि त्या एवढ्या मोठ्या शाळेत आपल्या दोन पोरी आहेत याचा केवढा अभिमान होता आम्हा मैत्रिणींना. 2005 च्या त्या सिनेमात अफशान आझाद आणि शेफाली चौधरी या दोघी होत्या, दोघीही बांगलादेशी वंशाच्या ब्रिटिश मुली, आणि त्यांच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही, नऊवारीत जन्मलेलीच मुलगी पाटील व्हावी असं मी म्हणणार नाही. खटकतं ते दुसरंच. पुस्तकात पार्वतीचा झगा झगझगीत गुलाबी, पद्माचा फिरोजी, वेणीत सोनेरी धागे, दोघींची आवड वेगळी, शाळेतली घरं म्हणजे गट वेगळे, पद्मा रेव्हनक्लॉमध्ये आणि पार्वती ग्रिफिंडोरमध्ये. सिनेमात दोघींना एकसारखे गुलाबी-केशरी लेहंगे चढवले आणि दोघींना ग्रिफिंडोरमध्ये टाकून दिलं, म्हणजे जुळ्या आहेत ना, मग एकच समजा. नवीन सिरीजमध्ये निदान पद्माला तिचं घर परत मिळावं एवढीच माझी इच्छा आहे.

आमच्या हौशी नाट्यसंस्थेत बालनाट्य बसतंय, त्यात राक्षसाची भूमिका मला करायची आहे पण माझी उंची पाच फूट तीन इंच. दिग्दर्शक म्हणतात शोभणार नाही. आवाज मात्र माझाच सगळ्यात दणदणीत आहे. काय करू?
*हौशी नट, रत्नागिरी*

दादा, तुमच्या दिग्दर्शकांना लॉर्ड ऑफ द रिंग्जमधल्या गिमलीबद्दल सांगा. गिमली ठेंगू, आणि तो केला जॉन ऱ्हीस-डेव्हिस यांनी, ज्यांची उंची सहा फुटांच्या वर, त्या नऊ जणांच्या टोळीतले तेच सगळ्यात उंच! घेतलं ते आवाज, भरदार अंग आणि मिजास बघून, बाकीचं काम कॅमेऱ्याने केलं, कोणाला जवळ उभं करायचं कोणाला लांब, लांबून घ्यायच्या शॉटला बुटका बदली नट, आणि उलट सोय अशी झाली की हॉबिट म्हणजे बुटकी माणसं झालेले नट साधारण उंचीचे असल्यामुळे त्यांच्या शेजारी हे उभे राहिले की प्रमाण आपोआप बरोबर दिसायचं. त्याच सिनेमात ॲरागॉर्न हा योद्धा करायला आधी स्टुअर्ट टाउनसेंड होता, शूटिंग सुरू होता होता त्याला बदललं आणि व्हिगो मॉर्टेन्सनला ऐनवेळी फोन गेला, त्याने पुस्तक वाचलेलंही नव्हतं, 11 वर्षांच्या मुलाने हट्ट केला म्हणून तो न्यूझीलंडला गेला. आज दुसरा ॲरागॉर्न डोळ्यांसमोर आणून बघा, येतच नाही.

तुमच्याकडे कॅमेरा नाही पण बालनाट्य आहे, म्हणजे बाकीची पात्रं लहान मुलं करणार, हे निम्मं काम झालंच. राक्षसाच्या घरातलं टेबल-खुर्ची बालवाडीतलं आणा, दार बुटकं करा म्हणजे तुम्हाला वाकून आत यावं लागेल, खांद्यात भरपूर कापूस भरा, आणि पहिल्या प्रवेशात दिसूच नका, विंगेतून फक्त आवाज येऊ दे. पुढच्या तालमीला दिग्दर्शकांना प्रेक्षकांत शेवटच्या रांगेत बसवा आणि एवढं करून दाखवा. प्रयोगाची तारीख ठरली की कळवा, मी येते.