वाचकांचे प्रश्न : काटा चढत नाही, ॲव्हरेज पडलं

प्रश्न : माझ्याकडे 2009 सालची छोटी पेट्रोल गाडी आहे. टाकी फुल करून दर वेळी डायरीत नोंद करतो. मे महिन्यापर्यंत लिटरला 16 किलोमीटर मिळायचे, आता साडेबाराच्या वर जात नाही. गॅरेजवाल्याने प्लग आणि एअर फिल्टर बदलले, इंजेक्टर साफ केले, फरक शून्य. आता तो ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगतो. शेजारी म्हणतात, हा सगळा ई-20 पेट्रोलचा प्रताप. बाकी गाडी ठणठणीत आहे. मेमध्ये कुंभार्ली घाटात एकदा गरम झाली होती, पण घाटमाथ्यावरच्या एका मेस्त्रीने तो त्रास कायमचा मिटवला. आता तापमानाचा काटा पावाच्या वर चढतच नाही.
– एक निवृत्त शिक्षक, चिपळूण

उत्तर : गुरुजी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच शेवटच्या दोन वाक्यांत आहे. त्या मेस्त्रीने बहुधा थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याची वाट उघड-बंद करणारा वॉल्व, काढून टाकला असणार. गाडी गरम होते ना, मग वॉल्व काढा, पाणी मोकळं फिरू द्या, हा आपल्याकडचा जुना उपचार. रस्त्यात अडकलेल्या माणसाला घरी पोचवण्यापुरता तो ठीक. पण नंतर तो कोणी परत बसवत नाही, कारण गाडी गार चालते आणि मालक खूश असतो.

थर्मोस्टॅटच्या पोटात मेण असतं. इंजिन गार असताना तो बंद राहतो, म्हणजे कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरतं आणि इंजिन लवकर तापतं. साधारण 82 ते 88 अंशांच्या आसपास मेण वितळून फुगतं, तेव्हा वाट उघडते. तो काढला की पहिल्या मिनिटापासून सगळं पाणी रेडिएटरमधून जातं. बाजारात नि पोस्टात जाऊन येण्याएवढ्या फेरीत तुमचं इंजिन तापतच नसणार. गाडीचा संगणक तापमानाच्या सेन्सरवर विसंबून असतो. इंजिन गार दिसलं की तो पेट्रोल जास्त सोडतो, जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत आपण चोक ओढायचो तसं. तुमचा चोक मेपासून ओढलेलाच आहे म्हणा ना. त्यात गार इंजिनात ऑइलही दाट राहतं, तेही पेट्रोल खातं.

म्हणून ऑक्सिजन सेन्सरवर काही हजार घालवायची घाई नको. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं होईल. चेक इंजिनचा दिवा लागला नाही म्हणूनही निर्धास्त राहू नका. त्या काळातल्या गाड्या ही खोड पकडतीलच असं नाही.

खात्री घरीच करता येते. सकाळी गार गाडी चालू करा आणि रेडिएटरच्या वरच्या जाड पाइपला अधूनमधून हात लावा. पंख्यापासून हात लांब ठेवा, तो अचानक सुरू होतो. थर्मोस्टॅट जागेवर आणि शाबूत असेल तर पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम तापतो. नसेल, किंवा उघडाच अडकला असेल, तर पाइप सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत जातो. दुसरी खूण घाटात दिसेल. कराडहून परतताना कुंभार्ली उतरू लागलात की काटा तळाला बसतो का बघा. गॅरेजात स्कॅनर असेल तर वीसेक मिनिटं गाडी चालवून कूलंटचं तापमान वाचायला सांगा. ते 60-65 वरच घुटमळत असेल तर आणखी पुरावा नको.

ई-20 चं म्हणाल, तर इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे वीस टक्के मिसळलं तर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के घट. 16 चे 15 होतील, साडेबारा नाही. शिवाय आधीही पंपावर शुद्ध पेट्रोल कुठे मिळत होतं?

आता महत्त्वाचं. नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी गाडी मुळात गरम का झाली ते शोधा, नाहीतर पुढच्या मेमध्ये पुन्हा घाटात उभे राहाल. रेडिएटरचा पंखा वेळेवर सुरू होतो का, त्याचा रिले (पंखा चालू करणारा स्विच) चालतो का, रेडिएटरच्या झाकणाचं रबर धड आहे का, आत क्षार साचलेत का, हे सगळं पाहून घ्या. मेस्त्रीने नळाचं पाणी भरलं असेल तर ते काढून कूलंट भरून घ्या. छोट्या गाडीचा थर्मोस्टॅट बहुधा हजाराच्या आत येतो. गॅस्केट मात्र नवीनच टाका. ऑइलची पट्टी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ऑइलही बदला, कारण इतके महिने जळायचं राहिलेलं पेट्रोल त्यात उतरलेलं असू शकतं.

सगळी तूट एकट्या थर्मोस्टॅटचीच असेल असं नाही. सपाट रस्त्यावर फारसा ब्रेक न मारता दहा किलोमीटर चालवा आणि उतरल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. एखादं चाक इतरांपेक्षा कडक तापलं असेल तर तिथला ब्रेक धरतोय. कोकणच्या पावसात कॅलिपरच्या (ब्रेक दाबणाऱ्या भागाच्या) पिना गंजून अडकणं नेहमीचंच. चाकांतली हवा तुम्ही तपासत असालच.

काम झाल्यावर एकाच पंपावर लागोपाठ दोन टाक्या फुल करून आकडा काढा. 15 च्या आसपास आला तर सेन्सरचा विषय सोडून द्या. तेरातच अडकला, तर डायरीतली गेल्या वर्षभराची पानं आणि चाकांचा अनुभव मला कळवा.